हरिइच्छा म्हणण्याआधी जिना मोकळा करा



चाळीस वर्षे मी कीर्तनात जळत्या घराचा दृष्टांत दिला. प्रपंच हे आग लागलेले घर, आत गाढ निजलेला जीव, आणि बाहेरून हाका मारणारे संत. हा दृष्टांत आला की मंडप स्तब्ध होई. आता गळा साथ देत नाही, वीणा खुंटीला लागली आहे. पण त्या दृष्टांताच्या शेवटी मी एक वाक्य जोडीत असे, ते आज सर्वांसमक्ष मागे घेतो. मी म्हणत असे, "आग केव्हा लागायची ते प्रारब्धात लिहिलेले असते."

22 जानेवारी 2022, शनिवार. सकाळचा हरिपाठ आटोपून मुलच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. मुंबईत ताडदेवची 20 मजली कमला इमारत पेटली होती. वरच्या मजल्यावरून काळ्या धुराचे लोट निघत होते. खाली अग्निशमनच्या गाड्या, पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका, पोलीस. दिंडीत विणेकरी, टाळकरी, पताकावाले आपापली जागा सोडत नाहीत, तशी ती माणसे आपापल्या कामाला लागलेली. मी मनोमन हात जोडले. एवढी फौज येऊनही त्याच दिवशी सहा माणसे गेली, आणि पुढे आकडा वाढला. इमारतीची स्वतःची आग विझवण्याची यंत्रणाच चालू नव्हती, असेही मागाहून पुढे आले. घरातले कुणी म्हणाले, "हरीची इच्छा!" आणि मी मान डोलावली. ती डोलावलेली मान मला आजही टोचते.

वर्षभर आधी, 9 जानेवारी 2021 च्या पहाटे, आपल्या शेजारच्या भंडाऱ्यात जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात दहा बाळे आगीत गेली. तेव्हाही एका मंडपात प्रारब्धाचे निरूपण मी ऐकले. ज्यांना डोळे नीट उघडता येत नव्हते, अशा दहा जीवांचे प्रारब्ध एकाच रात्री एकाच खोलीत कसे पिकले? हा प्रश्न कुणी विचारला नाही. मीही विचारला नाही. श्रोतेहो, हे निरूपण नव्हे. ज्याचे काम होते त्याला सोडून देऊन देवाच्या माथी आळ घालणे आहे हे.

शास्त्राचाच आधार हवा असेल तर लाक्षागृह आठवा. पांडवांना लाखेच्या घरात जाळायचे ठरले, तेव्हा विदुराने काय केले? भगवंताचा एवढा लाडका भक्त, पण नुसता जप करीत बसला नाही. आधी सावध केले, मग खणणारा माणूस धाडला. आग लागण्यापूर्वी भुयार तयार होते, म्हणून पांडव वाचले. आणि त्याच रात्री पाच मुलांसह निजलेली एक निषादी तिथे जळून गेली. तिला भुयार कुणी दाखवले नव्हते. 22 ऑक्टोबर 2021 ला मुंबईच्या करी रोडवरील अविघ्न पार्क या टोलेजंग इमारतीत 19 व्या मजल्यावर आग लागली, तेव्हा प्राण गेला तो पहारेकऱ्याचा. कथा जुनी आहे, पण जळणारा अजून तोच आहे.

आता आपल्या अंगणात या. चंद्रपुरात मुलाने सातव्या मजल्यावर घर घेतले. लिफ्ट बंद होती म्हणून एकदा जिन्याने चढलो. आपल्याकडचे ऊन सर्वांना ठाऊक आहे, घरागणिक कूलर. हिवाळ्यात ते सारे कूलर पोत्यांत गुंडाळून जिन्यात ठेवलेले. सोबत सायकली, रद्दी, मोडका पलंग. भिंतीवरच्या लाल पेटीत पाण्याचा पाइप असायचा, तिथे झाडू आणि फिनाइल. सोसायटीतल्या एका कर्त्या गृहस्थांना विचारले. गळ्यात तुळशीची माळ. ते हसून म्हणाले, "महाराज, कायले काळजी करता? पांडुरंग हाये ना पाठीशी."

आहेच. जनाबाईच्या जात्याला त्याने हात लावला, नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी भरले. पण जनाबाईचा हात आधी खुंट्यावर होता. जिने जात्याला हातच लावला नाही, तिच्या घरी देव दळायला गेल्याची कथा मी कोणत्याही परंपरेत ऐकली नाही. आणि आपले गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत, रात्री कीर्तन करीत. खराट्याआधी त्यांनी चिपळ्या उचलल्या नाहीत.

गडचिरोलीच्या जंगलाला हे कळते. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवतात, तो वणवा डोंगर चढतो. तिथे बंब पोचत नाही. म्हणून 15 फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होण्याआधीच वनखाते जाळरेषा काढते. पाला आधीच काढलेल्या पट्ट्यावर वणव्याला खायला काही उरत नाही. एप्रिलची आग जानेवारीत विझवायची असते. मोकळा जिना ही इमारतीची जाळरेषा आहे.

कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याने ही जबाबदारी मालकावर आणि राहणाऱ्यांवर टाकली आहे. दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक माणसाकडून यंत्रणा तपासून दाखला द्यायचा असतो. एक संक्रांतीच्या महिन्यात, एक आषाढीच्या सुमारास. वारकऱ्याला लक्षात ठेवायला याहून सोपे काय?

कुणी म्हणेल, महाराज, हरिनाम सोडून पंपाच्या गोष्टी काय सांगता? आणि जवान आहेतच की. हो, आहेत. 9 मे 2015 ला काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत अग्निशमन दलाचे चार अधिकारी कामी आले, त्यांत प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकरही होते. ज्याला आपण 'देवासारखा धावला' म्हणतो, त्याच्या वाटेत आपलाच कूलर आडवा असेल, तर आपण कुणाची पूजा करतो आणि कुणाचा घात?

पालखीतळावर रोज सायंकाळी समाजआरतीला चोपदार दंड उंचावतात आणि सारा समाज निःशब्द होतो. फक्त जिची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा झाला की मगच टाळ थांबतो. माझे तरुण कीर्तनकारांना आणि माळकरी गृहस्थांना एवढेच मागणे आहे. आपल्या सोसायटीच्या सभेत ती दिंडी व्हा. पंप चालत नाही, टाळ वाजवा. जिना अडला आहे, टाळ वाजवा. पहारेकऱ्याला सुटकेची वाट कुणी दाखवली नाही, टाळ वाजवा. निवाडा होईपर्यंत थांबू नका.

मुलाच्या इमारतीतला पहिला कूलर मी आणि नातवाने उचलून खाली नेला. सातव्या मजल्यावरून, सत्तरी उलटलेल्या गुडघ्यांनी. त्या दिवशी हरिपाठाला उशीर झाला. पांडुरंग रागावला असेल, असे मला वाटत नाही.

रामकृष्ण हरी!