मोबाइलमधला वैद्य आणि लोणावळ्याचा धडा

दिवाळीत धन्वंतरीचे पूजन होते. यंदाच्या अंकासाठी आम्ही आरोग्याचाच विषय घेतला आहे, मात्र हातातल्या मोबाइलवरून घरात शिरणाऱ्या आरोग्याचा. मावळ तालुक्यातली कॉलेजची मुले तब्येतीविषयीची माहिती कुठून घेतात, ती कशी पारखतात, आणि न पारखता घेतली तर काय होते, याभोवती हा अंक गुंफला आहे.

आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातून लोणावळा, वडगाव, तळेगावला शिकायला येणारी मुले अनेक घरांत फोनची जाणकार असतात. 2021 साली कोविन या सरकारी पोर्टलवर घरादाराची कोविड लसीची नोंदणी त्यांनीच केली. आजीचे आभा हे आरोग्य ओळखपत्र त्यांनीच काढले. लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला की ‘काय म्हणतोय गं रिपोर्ट?’ हा प्रश्नही त्यांनाच येतो. त्यामुळे त्यांची समज एकट्याची राहत नाही. ती पक्की असेल तर घर सावरते. कच्ची असेल तर एखाद्या रीलच्या भरवशावर वडिलांची बीपीची गोळी बंद होते आणि त्याच्या जागी कसला तरी काढा सुरू होतो.

फोन सराईतपणे वापरता येणे आणि त्यातली माहिती पारखता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चीनच्या शिआन शहरात संगणकशास्त्र शिकणाऱ्या वेई झेशी या विद्यार्थ्याला दुर्मीळ कर्करोग झाला. घरच्यांनी बायडू या तिथल्या शोधसेवेवर उपचार शोधले. बीजिंगमधल्या एका रुग्णालयाचे नाव ठळकपणे वर आले. ती जागा पैसे भरून मिळवलेली होती. दोन लाख युआनहून अधिक खर्च झाला, गुण आला नाही, आणि एप्रिल 2016 मध्ये एकविसाव्या वर्षी तो गेला. देशभर संताप उसळल्यावर सरकारने जाहिरातींवर ठळक खूण करण्याचा आणि त्या पानाच्या तीस टक्क्यांत ठेवण्याचा आदेश बायडूला दिला. संगणक शिकणाऱ्या मुलाच्या घरी हे घडले, मग इतरांचे काय, हा विचार आपणही करायला हवा.

आपल्याकडचे उदाहरण भाताच्या खाचरात सापडते. पावसाळ्यात साप चावल्याच्या घटना वाढतात. जखमेवर चिरा द्या, रक्त चोखून काढा, दोरीने करकचून बांधा, असे सांगणारे व्हिडिओ त्याच दिवसांत फिरतात. यातले प्रत्येक पाऊल घातक आहे. माणसाला धीर द्यावा, चावलेला अवयव हलू देऊ नये, 108 ला फोन करावा आणि थेट रुग्णालय गाठावे, एवढेच करायचे असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे एकच इंजेक्शन सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. मण्यार तर रात्री झोपेत चावते. दंशाची खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात. अशा वेळी व्हिडिओ शोधण्यात गेलेला अर्धा तास जिवावर बेततो.

मुले फोनलाच का विचारतात, हेही मोठ्यांनी समजून घ्यावे. दवाखाना लांब, रांग मोठी, डॉक्टरांना बोलायला वेळ नाही. पाळी, मुरुमे, वजन, मनाची घालमेल याबद्दल घरात तोंड उघडायची सोय नाही. फोन मात्र हसत नाही आणि रागावतही नाही. त्याच फोनवर सरकारची ई-संजीवनी ही डॉक्टरी सल्ल्याची सेवा आहे, मानसिक त्रासासाठी 14416 हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे. हे कॉलेजच्या फलकावर लावायला कितीसा खर्च येतो?

पारखण्याची परंपरा मात्र आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगावर त्यांची नितांत श्रद्धा होती, तरीही उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात काय घडते हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने तपासले. नौलीत आतला दाब उतरतो हे मोजून दाखवले आणि त्या कमी दाबाच्या पोकळीला आपल्या गुरूंचे, माधवदासांचे, नाव दिले. प्राणायामाचे मोल जादा प्राणवायू मिळण्यात आहे, हा लाडका समज मोजमापात टिकला नाही, तेव्हा तेही त्यांनी लपवले नाही. आज शंभर वर्षांनंतर तोच समज रीलमधून ठासून सांगितला जातो, आणि लोणावळ्यातली मुले तो पुढे पाठवतात!

म्हणून कॉलेजांकडे आमचे एक मागणे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात एक दिवस ही पारख शिकवायला द्या. एखादा आरोग्यविषयक फॉरवर्ड घ्या आणि मुलांना विचारायला शिकवा: हे कोण सांगतो आहे? त्याची वैद्यकीय नोंदणी आहे का? यात तो काही विकतो आहे का? कुणी, किती माणसांवर तपासले? मधुमेह, कर्करोग बरा करण्याची हमी देणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे, एवढे कळले तरी अर्धा बाजार उठेल.

अंकातले लेख डॉक्टर, आशा सेविका, प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी वेळ काढून लिहिले आहेत.  औषधाची हमी देणारी एकही जाहिरात यंदा आम्ही घेतलेली नाही. अंकातले एखादे विधान पटले नाही तर ते डॉक्टरांना दाखवा, आणि आमचे चुकत असेल तर जरूर कळवा.