कोरियन शिकताना ‘आहे’चा घोळ

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकता येतील अशा परदेशी भाषांमध्ये कोरियनचं नाव आहे. मालिका आणि गाण्यांमुळे मुलं तर आधीच तिच्या मागे लागली आहेत. पण बहुतेक जण ती इंग्रजीतून शिकतात, आणि पहिल्याच धड्यात अडखळतात. माझं स्पष्ट मत आहे, की मराठी मुलाला कोरियनचं ‘आहे’ मराठीतूनच शिकवावं.

अडचण काय आहे ते बघू. ‘मी विद्यार्थी आहे’ आणि ‘टेबलावर पुस्तक आहे’ या दोन्ही वाक्यांत आपलं क्रियापद एकच. कोरियनमध्ये दोन वेगळी. कोण किंवा काय ते सांगायचं असेल तर नामालाच ‘इएयो’ चिकटतं: ‘जॉनन हाक्सेंग-इएयो’, मी विद्यार्थी आहे. नाम स्वराने संपत असेल तर ‘येयो’: ‘जॉनन सीमा-येयो’. एखादी गोष्ट कुठे आहे किंवा कुणाकडे आहे हे सांगायला मात्र ‘इस्सॉयो’. मुलं हमखास ‘हाक्सेंग इस्सॉयो’ म्हणतात. त्याचा अर्थ होतो, माझ्याकडे विद्यार्थी आहे!

इथे आपल्याकडे एक हुकमी पत्ता आहे, तो म्हणजे नकार. ‘तो शिक्षक नव्हे’ आणि ‘वर्गात शिक्षक नाही’ यांतला फरक मराठीने शब्दातच जपलाय. कोरियनमध्येही अगदी तसंच: नव्हे म्हणजे ‘आनिएयो’, नाही म्हणजे ‘ऑप्सॉयो’. म्हणून मी म्हणते, होकाराआधी नकार शिकवा. ज्या वाक्यात ‘नव्हे’ बसतं तिथे होकारात ‘इएयो’ किंवा ‘येयो’, जिथे ‘नव्हे’ मुळीच बसत नाही तिथे ‘इस्सॉयो’. (हल्ली मुलं सगळीकडे ‘नाही’च वापरतात, ‘नव्हे’ त्यांना पुस्तकी वाटतं. त्या निमित्ताने आपलाच एक शब्द परत वापरात येईल, काय बिघडलं?)

इंग्रजीतून गेलं की आणखी एक फेरा पडतो. ‘आय हॅव टाइम’ डोक्यात ठेवून मुलगा ‘हॅव’साठी कोरियन शब्द शोधत बसतो. आपण मात्र सरळ विचारतो, ‘वेळ आहे का?’ कोरियन माणूसही तेच विचारतो: ‘शिगान इस्सॉयो?’ ‘मला भाऊ आहे’ हेही तसंच. जवळ असणं आणि नुसतं असणं या दोन्हींना आपण एकच क्रियापद वापरतो, तेही वापरतात. मग मधे इंग्रजी कशाला?

सगळीकडे मराठी कामी येते असं मात्र नाही. ‘थंडी आहे’, ‘सुंदर आहे’ इथे ती दगा देते. कोरियनमध्ये अशी विशेषणं स्वतःच क्रियापदासारखी चालतात: ‘छुवॉयो’ म्हणजे थंडी वाजतेय किंवा हवा थंड आहे, ‘येप्पॉयो’ म्हणजे सुंदर आहे. ‘आहे’ त्याच्या पोटातच आलं, मागे आणखी ‘इएयो’ लावायचं नाही. हा धडा ‘इएयो’ आणि ‘इस्सॉयो’ नीट पक्के झाल्याशिवाय काढूच नये. बाजारातली पुस्तकं तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात उरकतात, आणि मग मुलं प्रत्येक शब्दामागे ‘इएयो’ लावत सुटतात.

शिक्षक मित्रांनो, पुढच्या तासाला फळ्यावर ‘नव्हे’ आणि ‘नाही’ असे दोन रकाने आखा आणि वाक्यं मुलांनाच मराठीत सांगू द्या. कोरियन शब्द शेवटच्या दहा मिनिटांत लिहिले तरी चालतील.