जवानांचे व्यक्तिगत साहित्य : प्रश्न निधीचा नव्हे, विलंबाचा

लढाऊ विमाने, पाणबुड्या आणि क्षेपणास्त्रे यांच्या खरेदीची चर्चा देशभर होते. शिरस्त्राण, बुलेटप्रूफ जाकीट, बूट, चाकू यांसारख्या जवानाच्या व्यक्तिगत साहित्याकडे तुलनेने कमी लक्ष जाते. वास्तविक चौकीवरील जवानाचा जीव अनेकदा याच साहित्यावर अवलंबून असतो.

सैन्यदलासाठी १ लाख ८६ हजार १३८ बुलेटप्रूफ जाकिटे खरेदी करण्यास २००९ मध्ये मंजुरी मिळाली. मात्र निविदेसाठी आलेले नमुने चाचण्यांत टिकले नाहीत आणि ती प्रक्रिया रद्द करावी लागली. तातडीची गरज म्हणून २०१६ मध्ये ५० हजार जाकिटांचा स्वतंत्र करार झाला. मूळ संख्येसाठीचा करार होण्यास एप्रिल २०१८ उजाडले. या कराराचे मूल्य ६३९ कोटी रुपये, म्हणजे एका जाकिटामागे सुमारे ३४ हजार रुपये होते. २०१६ च्या राफेल करारात शस्त्रास्त्रांसह एका विमानाचा जो सरासरी खर्च येतो, त्याच्या निम्म्याहूनही ही रक्कम कमी आहे. त्यामुळे अडचण केवळ निधीची होती, असे म्हणता येत नाही.

सियाचीनसारख्या अतिउंच प्रदेशातील स्थितीही याच मुद्द्याकडे निर्देश करते. तेथे तापमान उणे ५० अंशांपर्यंत उतरते. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचा यासंबंधीचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत सादर झाला. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात जवानांना विशेष बूट मिळाले नाहीत आणि जुनेच बूट पुन्हा वापरावे लागले, असे त्यात नमूद होते. हिमचष्म्यांची कमतरता ६२ ते ९८ टक्के होती. अहवालातील माहिती जुन्या काळातील असून नंतर परिस्थिती सुधारली आहे, अशी भूमिका तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी मांडली होती.

जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यातील संघर्षाने या विषयाचा आणखी एक पैलू समोर आणला. भारत आणि चीन यांच्यातील १९९६ च्या करारानुसार प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबारास मनाई आहे. गलवान येथे लाठ्या-दगडांनी झालेल्या हातघाईच्या लढाईत २० भारतीय सैनिकांना वीरमरण आले. गुरखा पलटणींची खुकरी किंवा रायफलीची संगीन ही केवळ परंपरेची चिन्हे नाहीत आणि आधुनिक युद्धातही निकटच्या लढाईची तयारी आवश्यक आहे, याची जाणीव त्यातून झाली.

सुधारणेची पावले पडत आहेत. संरक्षण संशोधन आणि विकास संघटना व दिल्लीची आयआयटी यांनी विकसित केलेली 'अभेद' ही हलकी जाकिटे २०२४ मध्ये जाहीर झाली. त्यांचे किमान वजन ८.२ आणि ९.३ किलो आहे. दैनंदिन गरजांच्या खरेदीसाठी २००९ च्या नियमावलीऐवजी नवी संरक्षण खरेदी नियमावली १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. निर्णयाचे अधिकार खालच्या स्तरापर्यंत देण्यावर तिचा भर आहे.

चाचण्या सैल करून वेळ वाचवणे जवानाच्या हिताचे नाही, कारण निकृष्ट जाकीट हे जाकीट नसण्याइतकेच घातक असते. मात्र गुणवत्तेचे निकष आरंभीच निश्चित करणे, उत्पादकांना ते वेळेत कळवणे आणि प्रत्येक टप्प्याला कालमर्यादा घालणे शक्य आहे. मागणी नोंदवल्यापासून साहित्य जवानाच्या हाती पडेपर्यंत किती काळ गेला, हीच नव्या नियमावलीची खरी कसोटी ठरेल.