जळाले काय, पडले काय?

मुरगाव तालुक्यात सांकवाळ येथे आरोग्यमातेच्या जुन्या चर्चचा आज केवळ दर्शनी भाग उभा आहे. 1606 सालचे हे चर्च 1834 च्या आगीत नष्ट झाले, एवढ्यावर विषय सहसा संपतो. संवर्धनाचे काम करणाऱ्यांनी मात्र तिथे थांबू नये. आगीत लाकूड जळते, चिरा (जांभा दगड) जळत नाही. मग बाकीच्या भिंती कशाने गेल्या आणि दर्शनी भिंतच कशी उरली?

पहिली तपासणी धगीची. चिऱ्यातले पिवळसर गोएथाइट 300 अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी सोडते आणि त्याचे लाल हेमेटाइट होते. ही लाली किती खोलवर गेली आहे ते न तापलेल्या चिऱ्याशी ताडून पाहिले, तर धगीचा अंदाज बांधता येतो.

दुसरी तोलाची. छप्पर गेले की भिंतीचा माथा मोकळा होतो. मोकळी भिंत वाऱ्याचा किती दाब सोसेल, हे जाडीच्या वर्गावर ठरते. घनमीटरला 2,000 किलो घनता धरली, तर 10 मीटर उंच आणि 1 मीटर जाड भिंत सुमारे 1,960 पास्कल सोसते. ताशी 140 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब 900 पास्कलच्या आसपास असतो. जाडी निम्मी केली की सोसण्याची मर्यादा 490 वर येते, आणि ताशी 103 किलोमीटरचा झोतही पुरतो.

तिसरी काळाची. जुन्या गोव्यातले सेंट ऑगस्टीन चर्च 1835 मध्ये ओस पडले, 1842 मध्ये छत कोसळले, 46 मीटरच्या मनोऱ्याचा अर्धा भाग मात्र 1931 मध्ये खाली आला. एवढ्या उंचीच्या चिऱ्याच्या बांधकामाचा तळाशी दाब साधारण 0.9 मेगापास्कल, तर भारतीय मानकात चिऱ्याची किमान दाबशक्ती 3.5 आहे. तेव्हा केवळ वजनावर ठपका ठेवण्याआधी सुटलेला आधार आणि दर पावसाळ्यात सांध्यांत मुरणारे पाणी तपासायला हवे.

चौथी हिशेबाची. पडलेला चिरा नाहीसा होत नाही. ढिगाचे घनफळ पडलेल्या भिंतींहून फारच कमी भरले, तर उरलेला चिरा माणसांनी वाहून नेला असणार; तो आसपासच्या घरांत आणि गडग्यांत शोधावा.

साफसफाई आणि गिलावा करण्याआधी लालीची खोली, भिंतीची जाडी व ओळंबा, ढिगाची दिशा व घनफळ यांची नोंद करा. गिलावा चढला की यातला बराचसा पुरावा झाकला जातो. फलकावर ‘आगीत नष्ट’ असे लिहायचे असेल, तर या नोंदी झाल्यावर लिहा.