पहिली फांदी शेजारी

काल शेजारच्या वहिनी घटपर्णीचं रोप घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण ते झाड मूळचं माझंच!

चार वर्षांपूर्वी लेक पुण्याला शिकायला गेली. पहिल्या सुट्टीत येताना तिने नर्सरीतून ही टांगती कुंडी आणली. पानाच्या टोकाला तंतू आणि त्या तंतूला लोंबणारा झाकणाचा इवलासा घडा. मुंग्या-माश्या आत पडल्या की तिथेच जिरतात. सासूबाई म्हणाल्या, "किडे खाणारं झाड तुळशीजवळ नको गं बाई!" मग ते मागच्या ग्रीलला गेलं. भिशीच्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. खरं सांगू? मला त्याचा तोरा होता. वहिनींनी दोनदा फांदी मागितली, तर "अजून लहान आहे हो" म्हणून मी टाळलं.

दोन वर्षांत वेल ४ फूट लांबली. खालची पानं गळून नुसती काठी उरली, घडे येईनासे झाले. पण लेकीने आणलेल्या झाडाला कात्री लावायची? हात धजेना. शेवटी तीच फोनवर म्हणाली, "आई, काठी सांभाळून काय करणार आहेस? काप."

पावसाळा लागल्यावर कापलं, कारण या झाडाला दमट हवा लागते. ब्लेड स्पिरिटने पुसलं. बुंध्याची चार-पाच पेरं ठेवून वरचं छाटलं. त्याचे दोन-तीन पेरांचे चार तुकडे केले. पानं अर्धी कापली. मुळंच नाहीत तर अख्ख्या पानाला पाणी पुरणार कुठून? धुतलेलं कोकोपीट आणि मॉस एकत्र करून त्यात तुकडे खोचले, वरून पारदर्शक पिशवी घातली. उजेड भरपूर, पण थेट ऊन नाही. दोन-अडीच महिने उपटून बघायचं नाही! दोन तुकडे कुजले, दोन जगले. बुंध्यालाही नवे कोंब आले आणि त्यांना पुन्हा घडे लागले. एक रोप वहिनींना दिलं, तेही आढेवेढे घेत.

गेल्या मे महिन्यात मी आठ दिवस माहेरी लग्नाला गेले. मागे घरच्यांनी प्रेमाने बोअरचं पाणी आणि वर चमचाभर युरिया घातला. ही झाडं मुळात निकस जमिनीतली, म्हणून तर किडे धरतात. त्यांना पावसाचं नाहीतर आर.ओ.चं पाणी लागतं, मुळाशी खत सोसत नाही. माझी दोन्ही रोपं गेली. घरच्यांवर चिडले खरी, पण काय घालायचं नाही हे मी तरी कुणाला कधी सांगितलं होतं?

माझं झाड गेल्याचं कळल्यावर वहिनींनी न मागता आपल्या झाडाला कात्री लावली. तेच रोप काल आलं.

आपल्या देशात घटपर्णीची रानात वाढणारी एकच जात आहे, मेघालयातली. गारो लोक तिला 'मेमांग कोक्सी' म्हणजे भुताची टोपली म्हणतात. माणसांनी ती इतकी उपटून नेली की कायद्याने संरक्षण द्यावं लागलं. बाघमारा इथे तिच्यासाठी खास अभयारण्य आहे. आपल्याकडे नर्सरीत मिळतात ती बहुतेक संकरित झाडं. ती एका फांदीवरून दहा घरी जाऊ शकतात. मग रानातलं झाड उपटायचं कशाला?

म्हणून मैत्रिणींनो, "माझ्याकडेच आहे" यातलं सुख फार टिकाऊ नसतं, हे मी अनुभवाने सांगते. लांबलेली वेल वेळेवर छाटा, पहिली फांदी शेजारी द्या आणि देताना तिचं खाणं-पिणंही समजावून सांगा.

पुढच्या पावसात हे रोप छाटण्याजोगं झालं, तर भिशीतल्या तिघींनी आत्ताच नंबर लावून ठेवलेत. या वेळी मी कुणालाच नाही म्हणालेले नाही.