बोटे झडत नाहीत

देवळाच्या पायऱ्यांवर आखूड बोटांचा एखादा हात पुढे आला की आपण नाणे टाकतो, चार पावले बाजूला सरतो आणि सोबतच्या लहान भावंडाला सांगतो, "महारोग आहे त्याला. त्यात बोटे झडतात." पाने झडावीत, खपली झडावी, तशी माणसाची बोटेही झडतात असे आपली भाषा आपल्याला लहानपणापासून शिकवते. प्रस्तुत लेख या एका क्रियापदाविरुद्ध आहे. कुष्ठरोगात बोटे झडत नाहीत. तुटते ते बोटाचे आणि मेंदूचे बोलणे.

कला शाखेच्या माणसाने मज्जातंतूंवर लिहावे याला आमचे शास्त्र शाखेतले मित्र हसतील. हसोत बापडे! हा प्रश्न निम्मा भाषेचाच आहे. आपण रक्तवाहिनीलाही शीर म्हणतो आणि मज्जातंतूलाही. 'नस दबली' असे सांगणाऱ्याला त्यातली नेमकी कोणती, हे ठाऊक नसते. मेंदूविषयीची आपली कल्पनाही अशीच दरबारी थाटाची. सिंहासनावर मेंदूमहाराज, ते हुकूम सोडणार आणि हातपाय ते निमूट पाळणार. पण हुकूम सुटायचा तर आधी खबर यावी लागते. खबर आणणारे तंतू वेगळे, हुकूम नेणारे वेगळे. पुष्कळदा ते एकाच दोरीत वळलेले असतात एवढेच.

तव्याला बोट लागते तेव्हा कातडीतल्या तंतूच्या टोकाशी विजेचा सूक्ष्म तरंग उठतो. तो तारेतल्या विजेसारखा धावत नाही. तंतूच्या पडद्यातून सोडियमचे कण आत शिरतात, पोटॅशियमचे बाहेर पडतात आणि ही उलाढाल टप्प्याटप्प्याने पुढे सरकते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली बेडकाच्या तंतूवर हा वेग मोजला. तो सेकंदाला सुमारे २७ मीटर भरला. खबर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत पोचताच तिथूनच हात मागे घेण्याचा हुकूम सुटतो. 'आई गं!' हे मागाहून येते.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतल्या हान्सेन यांनी १८७३ साली शोधला. हा जंतू तंतूंना वेढणाऱ्या पेशींतच घर करतो आणि त्याला शरीरातल्या थंड जागा मानवतात. म्हणून जिथे तंतू कातडीच्या जवळून जातात तिथे त्याचा मुक्काम. कोपराच्या आतल्या बाजूला फटका बसला की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना? तो तंतू त्याच्या विशेष आवडीचा. तंतू सुजतो, पुढे मरतो. हुकूम थांबले की बोटे आत वळून राहतात. घाम थांबला की कातडी कोरडी पडून भेगाळते. आणि खबर थांबली की हात बधिर होतो. मराठीत ऐकू न येणाऱ्यालाही बधिर म्हणतात आणि संवेदना गेलेल्या अवयवालाही. शब्द मोठा नेमका आहे. फक्त इथे बहिरा होतो तो मेंदू.

असा माणूस चुलीवरचे पातेले उघड्या हातांनी उतरवतो, चपलेतल्या खिळ्यावर दिवसभर चालतो. जखम दुखत नाही म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही; ती चिघळते, हाड झिजते, बोट आखूड होते. आपण म्हणतो रोगाने बोट खाल्ले. खाल्ले ते चुलीने आणि खिळ्याने.

हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी रुग्णांचे हात बारकाईने पाहून दाखवून दिले. गंजलेले कुलूप त्यांना स्वतःला उघडेना, ते एका रुग्ण मुलाने सहज उघडले. नंतर पाहतात तो त्याचे बोट हाडापर्यंत कापलेले! पुढे अमेरिकेत, कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात, त्यांनी व सहकाऱ्यांनी कृत्रिम वेदना घडवण्याचा घाट घातला. हातमोज्यात दाब मोजणारी साधने बसवली. दाब वाढला की कानाशी इशारा वाजे. रुग्ण तो ऐकत आणि काम तसेच चालू ठेवीत. मग विजेचा झटका देऊन पाहिला. तेव्हा अवघड काम आले की ते कळ बंद करीत, काम उरकीत आणि कळ पुन्हा चालू करीत. अखेर प्रयोग सोडून द्यावा लागला. मला या हकिकतीत सारे मर्म दिसते. इशारा ही दुसऱ्याने दिलेली माहिती, आणि माहितीकडे दुर्लक्ष करता येते. वेदनेला बंद करायची कळ नसते. वेदनेला आपण शत्रू समजतो, पण हात 'माझा' आहे हे तीच सांगत असते.

आता आपल्याकडे पाहू. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोग्यांचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले आणि रोग संपल्याचा समज पसरला. प्रत्यक्षात भारतात आजही दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, म्हणजे जगातल्या निम्म्याहून अधिक. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते. ते जंतू मारते, पण फार पूर्वी मेलेला तंतू जिवंत करीत नाही. म्हणून सारा खेळ वेळेचा. आणि वेळ तर आपली भाषाच खाते! फिकट किंवा तांबूस चट्टा दिसतो, खाजत नाही, दुखत नाही. घरातली बाई तो पदराखाली झाकते. तिला दोष द्यायला मी तयार नाही. २०१९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. त्या साली कायद्यातून ते वगळले. 'महारोग' आणि 'झडणे' हे शब्द वगळायला मात्र संसद कामाची नाही.

तपासणीची सुरुवात अगदी साधी असते. डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर कापूस किंवा पेनाचे टोक हलकेच टेकवायचे आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगायचे. आपल्यातले कितीतरी जण उद्या शिक्षक होऊन खेड्यापाड्यांतल्या शाळांत जातील. पोराच्या दंडावरचा चट्टा डॉक्टरांच्या आधी त्यांनाच दिसेल.