सत्तरीनंतर दोन महिने एकटं राहून बघा



जानेवारीत मालवणला गेलो होतो, मार्चच्या मध्याला परत आलो. नऊ आठवडे, एकटा. तेव्हापासून रामबागेत जो भेटतो तो दोनच प्रश्न विचारतो. "मुलांशी काही झालं का?" आणि "तुम्ही तर मासे खात नाही, मग तिथे केलं काय?" वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो, आणि त्याबरोबर माझं मतही.

मत असं आहे. तब्येत बरी असेल तर सत्तरीनंतर माणसाने एकदा तरी महिना-दोन महिने अनोळखी गावात एकट्याने राहावं. आणि घरच्यांनी त्याला परवानगीचा विषय करू नये.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत सध्या काय चाललंय ते सगळ्यांना माहीत आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला, नाही तर परदेशात. आई-वडील तीन महिने इकडे, तीन महिने तिकडे. नातवंडांच्या परीक्षा बघून आपलं तिकीट निघतं. उरल्या वेळात टूर कंपनीची नऊ दिवसांची सहल, सकाळी सहाला बॅगा खोलीबाहेर. मुलं वाईट आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. माझी दोघंही रोज फोन करतात. पण मुलांकडे आपण पाहुणे असतो आणि सहलीत सामान.

सौ. जाऊन तीन वर्षं झाली. घर जुनं आहे, गच्ची गळते. मुलं म्हणतात, विकून पुण्याला या. कारण एकच देतात, बाबांना एकटं राहणं जमणार नाही. आता मी छत्तीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासले. कोणी असं ठाम विधान केलं की आपण विचारतो, याला आधार काय? रामबागेत राहून हे तपासता येत नाही. तिथे टिफिनवाली आहे, भाचा आहे, समोरचे काका दिवसातून दोनदा हाक मारतात. म्हणून ओळखीचं कोणी नसलेलं गाव निवडलं. अवंतिकाने मुंबई, दादरहून तुतारी एक्सप्रेसने कुडाळ, पुढे एसटी.

मालवण सुंदर आहे हे सगळेच सांगतात. समोर सिंधुदुर्ग, शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला. पर्यटक होडीने जातात, महाराजांच्या हातापायांचे ठसे बघतात, संध्याकाळी तारकर्ली, आणि दुसऱ्या दिवशी परत. नोकरीत असताना मीही तसाच चार तासांत मालवण उरकून आलो होतो. दोन महिने राहिलं की कळतं, हे गाव आपल्यासाठी सजवलेलं नाही. किनारा ही त्यांची काम करायची जागा आहे. तिथे जाळी वाळतात, होड्यांची डागडुजी होते, मासळी सुकते. तिचा वास येतो, आणि आठ दिवसांनी तो यायचा बंद होतो.

माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसाला खरी मजा लिलावात आली. ट्रॉलर आले की वाळूवर टोपल्या मांडतात आणि तोंडी बोली सुरू होते. कागद नाही, सही नाही, मिनिटाभरात सौदा. विक्रीतून आधी डिझेल आणि बर्फाचा खर्च वजा, मग होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशांचे वाटे. रापण तर त्याहून सरळ. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. दोराला हात लावला त्याला थोडी तरी मासळी मिळते. चिवला बीचवर एका सकाळी मीही दोर धरला. एका आजोबांनी माझ्या पिशवीत चार बांगडे टाकले. मी ते घरमालकीणबाईंना दिले, तर त्यांनी त्या दिवशी माझ्या जेवणाचे पैसे घेतले नाहीत. मला मात्र आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ.

लिलावाच्या जागी बसून मी बरंच ऐकलं. पावसाळ्यात जून-जुलै मासेमारी बंद. म्हणजे कमाई दहा महिन्यांची आणि खर्च बाराचा. मधली उधारी बहुतेक व्यापाऱ्याकडून, आणि मग मासळी त्यालाच द्यायची. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही लागू होईल असं २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं, पण मी ज्या सहा-सात जणांशी बोललो त्यांतल्या दोघांनीच अर्ज केला होता. पारंपरिक मच्छीमारांचा राग पर्ससीन जाळ्यांवर आणि रात्री एलईडी दिवे लावून मासे गोळा करणाऱ्यांवर. पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले, दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी भांडण संपलेलं नाही, कारण समुद्रात पहारा द्यायला कोण जाणार? हे सगळं दोन दिवसांच्या सहलीत कानावर पडत नाही.

आता एकटेपणाबद्दल, खोटं लिहीत नाही. पहिला आठवडा वाईट गेला. दिवस निघून जायचा, संध्याकाळी सात ते नऊ निघायचे नाहीत. घरमालकीणबाईंनी तिसऱ्या दिवशी सरळ विचारलं, "काका, घराकडसून भांडान इलास काय?" मी म्हटलं, नाही ताई, राहायला आलोय. त्यांना ते पटायला आणखी आठवडा लागला. हळूहळू वेळेला आकार आला. सकाळी किनारा, दुपारी वाचनालय, संध्याकाळी जेटी. पाचव्या आठवड्यात ताप आला. मी मुलांना कळवलं, पण या म्हटलं नाही. ताईंचा मुलगा रिक्षाने ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेला, तीन दिवसांत बरा झालो. ताई म्हणाल्या, "घाबरतास कित्याक, आमी आसव मा." मी एकटा राहिलो म्हणजे माणसांशिवाय राहिलो असं नाही. फरक इतकाच की तिथली माणसं मी स्वतः जोडली होती.

एक गोष्ट खास आपल्यासाठी. मालवणात ओळख झाली की पुढचा प्रश्न "गाव खयचा?" मी म्हणे इंदूर. "तां ऱ्हवा दे, मूळ गाव?" होळकरांबरोबर दक्षिणेतून आलो एवढंच आपल्याला ठाऊक. त्यांची मुंबईत तिसरी पिढी असली तरी जत्रेला घर गाठतात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात ठरलेली नसते, कौल घेऊन ठरवतात. ती जाहीर झाली की चाकरमान्यांची तिकिटांसाठी धावपळ. मला हेवा वाटला. मग वाटलं, आपलं गाव इंदूरच. अडीचशे वर्षं राहिलो ते गाव नाही, तर कोणतं गाव? आणि मुलांच्या सोयीसाठी ते एका सहीत सोडायचं का, हा प्रश्न मला तिथेच नीट दिसला.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी हिशोब. खोली आणि दोन वेळचं साधं जेवण मिळून मला महिन्याला अठरा हजार लागले, प्रवास वेगळा. रिसॉर्ट नको, घरात राहा, पैसा घरात जातो आणि माणसंही भेटतात. निघण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी, तीन महिन्यांची औषधं, विम्याचं कार्ड. मोठं दुखणं निघालं तर जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे, तो रस्ता आधी माहीत करून घ्या. पावसाळ्यात जाऊ नका, किल्ल्याच्या होड्याही बंद असतात. ज्यांना रात्री आधार लागतो, विसरायला होतं, त्यांनी हट्ट करू नये. मुलांची काळजी खोटी नसते.

माझ्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पुरुष, तुम्हाला जमतं." खरं आहे. बाई एकटी निघाली तर आपल्या घरांत शंभर प्रश्न येतात. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळेप्रमाणे स्वयंपाक केलेल्या बाईला दोन महिने आयतं ताट मिळावं, याहून मोठा हक्क कोणाचा? लेकींनी आणि सुनांनी यात पुढाकार घ्यावा असं मला वाटतं. वहिनींनी ऑक्टोबरची चौकशी केली आहे, एवढंच सांगतो.

घराचं विचाराल तर यावर्षी विकत नाही. पावसाळ्याआधी गच्चीचं काम काढलंय, ठेकेदाराला आगाऊ रक्कम दिली. पुढे हातपाय थकले तर पुण्याला जाईनही. पण ती तारीख मी ठरवीन आणि मुलांना कळवीन. दोघांनाही हे फोनवर सांगितलं. धाकटा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी आठ दिवस मी येऊ का?" मी म्हटलं, ये, पण शेवटच्या आठवड्यात.